जोड फुटते तेव्हा

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी भाषणासाठी फोन केला तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी संगणक क्षेत्रातली आहे, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलावं. त्या विषयावर हल्ली रोज कोणी ना कोणी बोलतंच आहे. मी त्यांना म्हटलं, यंत्राला मन आहे का, यापेक्षा मला बरेच दिवस एक वेगळाच प्रश्न पडलाय. आपल्या गोठ्यातल्या गुरांना, अंगणातल्या कुत्र्या-मांजरांना आपला सोबती गेल्यावर दुःख होतं का? पलीकडे क्षणभर शांतता होती. मग उत्तर आलं, "वीस मिनिटं आहेत तुला, बोल." म्हणून बोलते.

हा प्रश्न या सभागृहात हात वर करून विचारला, तर निम्मे जण "हो, त्यात काय विचारायचं" म्हणतील. उरलेले म्हणतील, "जनावराला कसलं आलंय दुःख, दोन दिवसांत विसरतं." पहिल्या बाजूला फार जुना आधार आहे. आपण पंचवटीच्या गावातली माणसं. ज्या रामायणामुळे आपल्या गावाला ओळख मिळाली, त्याची सुरुवातच एका पक्ष्याच्या शोकाने होते. क्रौंचांच्या जोडीतला नर पारध्याच्या बाणाने पडतो, मादी आक्रोश करते आणि ते पाहून वाल्मीकींच्या तोंडून पहिला श्लोक निघतो. म्हणजे पक्ष्याला जोडीदाराचं दुःख होतं, हे आपल्या आदिकवीने पुरावा न मागता मान्य केलं होतं.

पण आपल्या जीवशास्त्राच्या बाई पुरावा मागायच्या. "तुला वाटलं ते वेगळं, दिसलं ते वेगळं. वहीत दिसलं ते लिही," असं त्या सांगत. माझा व्यवसायही तेच शिकवतो. संगणकप्रणालीत बिघाडाचं लक्षण दिसलं, म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. एकाच लक्षणामागे चार वेगळी कारणं असू शकतात. तेव्हा आज बाईंच्या पद्धतीने जाऊ या.

आधी आपल्याच राज्यातलं एक उदाहरण घेते. डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातलं लवुळ हे गाव जगभरच्या बातम्यांत आलं. कुत्र्यांनी माकडाचं पिल्लू मारलं, म्हणून माकडं कुत्र्यांची पिल्लं उचलून उंचावर नेतात आणि खाली टाकून सूड घेतात, अशी ती बातमी होती. अडीचशे पिल्लं मेली, असा आकडाही छापून आला. शेवटी नागपूरहून वनखात्याचं पथक आलं आणि दोन माकडं पकडून नेली. आता यात दिसलं काय? माकडं कुत्र्याची पिल्लं उचलून झाडावर किंवा छपरावर नेत होती आणि पिल्लं मरत होती, एवढंच. लहान पिल्लू दिसलं की उचलायचं, कवटाळायचं, त्याच्या अंगावरच्या उवा वेचायच्या, हे माकडांच्या स्वभावातच आहे. वर नेलेलं पिल्लू दूध-पाण्यावाचून मरतं, नाहीतर तोल जाऊन पडतं. सूड हा शब्द आपण माणसांनी जोडला. सूड म्हणायचा तर शोक, आठवण, बेत आणि अंमलबजावणी इतक्या गोष्टी आल्या, आणि त्यातली एकही कोणी पाहिली नव्हती.

म्हणजे पहिली सावधगिरी ही, की प्राण्याच्या वागण्यात आपली गोष्ट घुसडायची नाही.

आता आपल्या रोजच्या पाहण्यातला पक्षी घेऊ. रामकुंडावर दशक्रियेला गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की सगळ्यांचे डोळे कशाकडे लागलेले असतात. पिंडाला कावळा शिवला की घरच्यांचा जीव खाली पडतो. आपल्या दुःखात आपण कावळ्याला असं बोलावतो. पण कावळ्याचं स्वतःचं काय? विजेच्या तारेला चिकटून एखादा कावळा मेला की पाच मिनिटांत पन्नास कावळे जमतात आणि गल्ली डोक्यावर घेतात. लहानपणी आपण त्याला कावळ्यांची शोकसभा म्हणायचो.

अमेरिकेत सिअ‍ॅटल इथे कायली स्विफ्ट आणि जॉन मार्झलफ या संशोधकांनी यावर प्रयोग केला. कावळ्यांना रोज खाऊ ठेवायच्या जागेजवळ मुखवटा घातलेला एक माणूस हातात मेलेला कावळा घेऊन उभा राहिला. कावळे जमले, ओरडले. पुढचे काही दिवस त्यांना त्या जागी खाऊ घ्यायला यायला वेळ लागू लागला. आणि नंतर तोच मुखवटा रिकाम्या हाताने आला, तरी ते कित्येक आठवडे त्याच्यावर ओरडत राहिले. २०१५ मध्ये छापलेला त्यांचा निष्कर्ष असा, की कावळे मेलेल्याभोवती जमतात ते धोका कुठे आहे आणि कोणापासून आहे, हे शिकण्यासाठी. ते कावळे आपल्या गावकावळ्याहून वेगळ्या जातीचे, पण आपल्या गल्लीतल्या गोंधळालाही हा अर्थ चांगला लागू पडतो. ती शोकसभेपेक्षा पंचनाम्याची बैठक असावी.

मुंग्यांचं तर त्याहून रोखठोक आहे. मुंग्या मेलेल्या मुंगीला उचलून वारुळाबाहेर टाकतात. दिसायला अगदी अंत्ययात्रा. एडवर्ड विल्सन यांनी १९५८ मध्ये दाखवून दिलं, की मेलेल्या मुंगीच्या शरीरात तयार होणाऱ्या ओलिक आम्लाच्या वासावर हे चालतं. त्यांनी जिवंत मुंगीला ते आम्ल लावलं, तर बाकीच्यांनी तिला पाय झाडत असतानाच उचलून कचऱ्यावर नेऊन टाकलं. ती स्वतःला साफ करून परत येईपर्यंत तिला घरात थारा नव्हता.

या दोन उदाहरणांवरून मी एवढंच घेते, की शोक शोधायला गर्दीत आणि अंत्ययात्रेत जाऊ नये. मेलेल्याभोवती काय घडतं, यावरून फारसं कळत नाही. मागे राहिलेल्याचं पुढे काय होतं, ते पाहावं लागतं. त्याच्या दिवसातलं काय थांबलं? खाणं, झोप, खेळ, काम?

हे पाहायची सवय आपल्या शेतकऱ्याला फार पूर्वीपासून आहे. माझं आजोळ निफाड तालुक्यातलं. आजोबांकडे मोऱ्या आणि चांद्या अशी बैलांची जोडी होती, नऊ वर्षं एका जुवाखाली चाललेली. मी सातवीत असताना पावसाळ्यात चांद्या पोटफुगीने गेला. मोऱ्याने चार दिवस वैरणीला नीट तोंड लावलं नाही. दावणीला बांधलेला असताना तो चांद्याच्या रिकाम्या खुंट्याकडे तोंड करून बसायचा. औताला जुंपायचा प्रयत्न झाला तेव्हा चार पावलं टाकून उभा राहिला. आजोबांनी "दुःख" हा शब्द एकदाही वापरला नाही. ते म्हणाले, "जोड फुटली. आता घाई करून चालायचं नाही." पंधरा दिवस त्यांनी त्याला औताला लावलं नाही. गायींच्या नजरेसमोर बांधला. नवा बैल आणल्यावरही आधी आठवडाभर नुसता शेजारी बांधला, मग जू ठेवलं. मामा म्हणायचे की पेरणीचे दिवस वाया चालले. आजोबा ऐकत नसत. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर गुण लागतो, असं आपली म्हणच सांगते. मग ज्याचा गुण लागला तो उठून गेल्यावर काहीच होणार नाही, असं कसं म्हणायचं?

आता बाईंच्या पद्धतीने शंकाही घ्यायला हवी. मोऱ्या उभा राहिला याचं कारण एवढंच असू शकेल, की त्याला एका बाजूने, शेजारी भार घेऊन चालायची सवय होती आणि तो तोल गेला. खाणं सोडलं याचं कारण त्याच्याही पोटात बिघाड होता असं असू शकेल. एका बैलावरून सिद्धान्त होत नाही. पण एकेक खुलासा घेतला की एखादंच लक्षण सुटतं, बाकीची तशीच उरतात. रिकाम्या खुंट्याकडे तोंड करून बसणं ना तोलाने सुटतं, ना पोटफुगीने.

गोठ्यातलंच दुसरं उदाहरण. वासरू मेलं की काही गायी-म्हशी पान्हा सोडत नाहीत. तेव्हा जुने लोक मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभं करत. ती ते चाटायची आणि पान्हा सुटायचा. पान्हा सुटतो तो ऑक्सिटोसिन नावाच्या संप्रेरकामुळे. भीती आणि ताण असला की ते काम अडतं. शंका घेणारा म्हणेल, पेंढ्याच्या वासराला फसते, तिला कसलं दुःख? मला उलट वाटतं. तिला हवं असलेलं वासरू तिच्यासाठी मुख्यतः वासात आहे, म्हणून वास आला की तिचं शरीर उत्तर देतं. आणि माणसं तरी काय करतात? गेलेल्या आईची साडी न धुता कपाटात ठेवणारी लेक या सभागृहात एकच नसेल. साडी म्हणजे आई नव्हे, हे तिला पक्कं ठाऊक असतं. तरी ती साडी धुवत नाही.

पण आठवणी आणि गोठ्यातल्या गोष्टी बाजूला ठेवून कोणी मोजमाप केलं आहे का? केलं आहे, आणि फार चिकाटीने. आफ्रिकेत बोत्सवानाच्या ओकावांगो खोऱ्यात बबून माकडांच्या टोळ्या राहतात. सिंह-बिबटे त्यांना सारखे उचलतात. अ‍ॅन एंग, रॉबर्ट सेफार्थ, डोरोथी चेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या माद्यांची विष्ठा गोळा करून तिच्यातली ताणाची संप्रेरकं मोजली. त्यांचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या माद्यांनी शिकारीत जवळचं नातलग गमावलं होतं, त्यांच्या शरीरातला ताण पुढच्या महिन्यात वाढलेला आढळला. त्याच टोळीतल्या, तोच हल्ला पाहिलेल्या, पण स्वतःचं कोणी न गेलेल्या माद्यांमध्ये तशी वाढ नव्हती. म्हणजे ही नुसती सिंहाची भीती नव्हती. भीती सगळ्यांना होती, नातलग एकीचंच गेलं होतं.

या अभ्यासातला पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नातलग गमावलेल्या माद्यांनी नंतरच्या काळात इतरांच्या अंगावरचे केस विंचरणं, उवा वेचणं वाढवलं, आणि पूर्वी ज्यांच्याजवळ बसत नव्हत्या, त्यांच्याजवळही बसू लागल्या. संशोधकांनी सिल्व्हिया असं नाव दिलेली एक मादी टोळीत वरच्या मानाची होती, खालच्यांना जवळ फिरकू न देणारी. तिची मुलगी, जी तिची मुख्य सोबतीण होती, सिंहाने मारली. त्यानंतर तीच सिल्व्हिया कमी मानाच्या माद्यांजवळ जाऊन त्यांचे केस विंचरू लागली. ताण हळूहळू उतरला.

घरातल्या कुत्र्यांबद्दल इटलीत एक पाहणी झाली, ती २०२२ मध्ये छापली गेली. दोन किंवा जास्त कुत्री पाळणाऱ्या आणि त्यांतलं एक गमावलेल्या ४२६ जणांना प्रश्न विचारले गेले. ८६ टक्के लोकांनी सांगितलं की मागे राहिलेल्या कुत्र्याच्या वागण्यात बदल झाला. ६७ टक्के कुत्री माणसाचं लक्ष जास्त मागू लागली, ५७ टक्क्यांचा खेळ कमी झाला, ३२ टक्क्यांचं खाणं कमी झालं. इथे मोठी अडचण आहे. उत्तरं देणारा मालक स्वतःच दुःखात असतो, आणि रडणाऱ्या माणसाला कुत्रंही उदास दिसतं. शिवाय घरातली माणसं उदास झाली की कुत्र्याचा दिनक्रमही बिघडतो. तरी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. दोन कुत्र्यांचं आपसातलं नातं जिव्हाळ्याचं असेल, तिथे बदल जास्त दिसले. दोघं किती वर्षं एकत्र राहिले, याला तितकं महत्त्व नव्हतं. वर्षांपेक्षा सोबत कशी होती, ते महत्त्वाचं.

मग मृत्यू त्यांना कळतो का? हा प्रश्न मी मुद्दाम वेगळा ठेवते, कारण तिथेच बहुतेक वाद अडकतात. डॉ. प्रकाश आमटे यांनी हेमलकशातल्या सुरुवातीच्या दिवसांतला प्रसंग अनेकदा सांगितला आहे. शिकार करून आणलेल्या माकडिणीच्या छातीला तिचं पिल्लू अजून चिकटलेलं होतं, दूध शोधत होतं. ते पिल्लू त्यांनी मागून घेतलं, बबली नाव ठेवलं, आणि तिथून त्यांचं प्राण्यांचं गोकुळ सुरू झालं. त्या पिल्लाला आई मेली हे कळलं नव्हतं. पण आई हवी होती, हे निःसंशय. २०१८ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर टॅलेक्वा नावाच्या ओर्का जातीच्या मादीने आपलं मेलेलं पिल्लू १७ दिवस, सुमारे १६०० किलोमीटर, डोक्यावर तोलत पाण्यातून नेलं. तिला ते मेलंय हे कळलं होतं की नाही, आपण सांगू शकत नाही. आफ्रिकी हत्ती मेलेल्या हत्तीची कवटी आणि सुळे सोंडेने पुन्हा पुन्हा चाचपतात, पण केनियातल्या अंबोसेली इथल्या प्रयोगात आपल्याच कळपातल्या म्हातारीची कवटी त्यांनी परक्या हत्तिणींच्या कवट्यांतून वेगळी निवडली नाही. मृत्यू कळणं ही एक गोष्ट, सोबती नाही हे जाणवणं ही दुसरी. पहिली फार थोड्या प्राण्यांना असेल, कदाचित कोणालाच आपल्यासारखी नसेल. दुसऱ्या गोष्टीला मात्र मृत्यूची कल्पना लागत नाही. रोज शेजारी असणारं कोणी शेजारी नाही, एवढं पुरतं. आणि माणसाचं दुःखही पहिल्या वर्षी बहुतेक तेवढंच असतं. संध्याकाळी चहाचे दोन कप काढले जातात आणि एक परत ठेवावा लागतो.

म्हणून माझं उत्तर असं : सगळे प्राणी शोक करतात असं म्हणता येत नाही. मुंगी करत नाही. कावळ्याचं ठाऊक नाही, पण त्याच्या सभेवरून तरी ते सिद्ध होत नाही. पण जे प्राणी ठराविक सोबत्याशी बांधलेले राहतात, त्यांची सोबत तुटली की त्यांच्या शरीराला आणि दिवसाला खिंडार पडतं, आणि ते मोजता येतं. त्याला शोक म्हणा किंवा दुसरा शब्द शोधा. आपल्यावर येणारी जबाबदारी शब्दाने बदलत नाही.

ही जबाबदारी हवेतली नाही. गेल्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी मठाची महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानंतर जामनगरच्या वनतारात गेली, तेव्हा सगळ्या राज्यात वाद पेटला. निरोप देताना लोक ढसाढसा रडले. मला त्यात एक गोष्ट जाणवली. दोन्ही बाजू सोबतीबद्दलच बोलत होत्या. एक बाजू म्हणत होती, हत्तिणीला हत्तींची सोबत नाही. दुसरी म्हणत होती, तिची सोबत म्हणजे आम्ही, तिला आमच्यापासून तोडू नका. कोण बरोबर, हे मी इथे ठरवणार नाही. पण असा निर्णय आपल्या अश्रूंवरून किंवा घोषणांवरून ठरू नये. तिचं खाणं, तिची झोप, ती जागच्या जागी डुलत राहते का, कोणाच्या जवळ जाऊन उभी राहते, यावरून ठरावा. आजोबा मोऱ्याकडे जसे पाहत होते, तसं पाहावं लागतं.

घरोघरी तर हे रोजचं आहे. आपल्यापैकी अनेकांकडे आता दोन कुत्री, दोन मांजरं आहेत. एक गेलं आणि दुसऱ्याने खाणं सोडलं, तर "उदास आहे, होईल ठीक" म्हणून थांबू नका. आधी पशुवैद्याला दाखवा, कारण गेलेल्याचाच आजार त्याला असू शकतो. मांजराने तर दोन-तीन दिवस खाल्लं नाही, तरी यकृतावर बेततं. आजार नाही असं कळलं, तर खाण्याच्या, फिरण्याच्या वेळा जशा होत्या तशाच ठेवा. दुसऱ्याच आठवड्यात नवं पिल्लू आणून त्याच्यासमोर ठेवू नका. आणि ज्यांच्या शेतावर अजून बैल आहेत, त्यांनी जोडीतला एक विकताना दुसऱ्याचाही विचार करावा.

शेवटी थोडं आपल्याबद्दल. आज सकाळी प्रार्थनेनंतर आपण आपल्या गेलेल्या गुरुजनांना आणि चार वर्गसोबत्यांना श्रद्धांजली वाहिली. त्या चौघांपैकी प्रत्येकाचा बाकावरचा जोडीदार आज इथे बसला आहे. दोन मिनिटं उभं राहणं चांगलंच, पण मघाशी मी म्हटलं ते आपल्यालाही लागू आहे. दुःख जमलेल्या गर्दीत दिसत नाही, मागे राहिलेल्याच्या दिवसात दिसतं. तेव्हा आज जेवताना त्या चौघांच्या जोडीदारांशेजारी जाऊन बसा. शाळेत ज्यांच्याशी कधी बोलला नाहीत, त्यांच्याशीही बोला. सिल्व्हियाने तेच केलं होतं, आणि तिला कोणी शिकवलं नव्हतं.

बाई, मी दिसलं ते सांगितलं आणि वाटलं ते वेगळं ठेवलं. गुण किती द्यायचे ते तुम्ही ठरवा.